बसवतानाच काढण्याबद्दल बोला

नाकाच्या शस्त्रक्रियेची जाहिरात दोन छायाचित्रांवर चालते. आधीच्या छायाचित्रात उजेड वरून पडलेला, चेहरा उतरलेला, केस कसेबसे बांधलेले. नंतरच्या छायाचित्रात हसू, मऊ प्रकाश आणि थोडा मेकअप. एवढी लबाडी एक वेळ माफ करता येईल. पण त्या दुसऱ्या छायाचित्राखाली तारीख नसते, आणि माझा आक्षेप त्या तारखेवर आहे. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी, एका वर्षाने आणि दहा वर्षांनी त्याच माणसाचे छायाचित्र काढले तर तीन निराळी नाके दिसू शकतात. नाकात इम्प्लांट, म्हणजे नाक उंच करायला आत ठेवलेली कृत्रिम वस्तू, बसवले असेल तर यातले तिसरे छायाचित्र सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके तेच कुणी दाखवत नाही.

इम्प्लांट बसवायला तास-दोन तास लागतात. त्यानंतर ती वस्तू चेहऱ्यात किती वर्षे राहणार, तिच्यावर लक्ष कोण ठेवणार, काढायची वेळ आली तर कोण काढणार आणि काढल्यावर नाकाचे काय होणार, ही बोलणी बसवण्याआधी व्हायला हवीत. बहुतेक वेळा ती होत नाहीत, किंवा संमतिपत्रातल्या बारीक अक्षरांत उरकली जातात. ही बोलणी डॉक्टरच्या भलेपणावर सोडू नयेत, त्यांना नियमाचा आधार हवा, असे माझे मत आहे.

नाक बदलून घेणाऱ्यांना नावे ठेवण्याचा उद्योग मला करायचा नाही. अपघातात चेपलेले नाक, पडद्याला जंतुसंसर्ग होऊन खचलेले नाक, दुभंगलेल्या ओठाबरोबर जन्मतः वाकडे आलेले नाक, आणि कुणालाही ‘दोष’ वाटणार नाही असे पण ते वागवणाऱ्याला रोज आरशात खुपणारे नाक, यांच्यात रेघ कुठे ओढायची हे ठामपणे सांगणाऱ्यांचा मला हेवा वाटतो. नाक दुरुस्त करण्याची कला तशी फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत कापल्या गेलेल्या नाकाचे माप झाडाच्या पानाने घेऊन तेवढी गालाची कातडी नाकावर वळवायला सांगितले आहे. श्वास चालू राहावा म्हणून आत दोन नळ्या ठेवायलाही सांगितले आहे. 1794 साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ने कावसजी नावाच्या एका गाडीवानाची हकिगत छापली. टिपूशी झालेल्या युद्धात शत्रूच्या हाती सापडून त्याचे नाक कापले गेले होते, आणि एका देशी वैद्याने कपाळाच्या कातडीतून ते पुन्हा घडवले होते. पुढे 1814 मध्ये जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने त्याच पद्धतीने लंडनमध्ये शस्त्रक्रिया केली. या सगळ्या परंपरेत दुरुस्तीचा माल रोग्याच्या स्वतःच्या अंगावरचा असे. बाहेरची वस्तू आत ठेवून नाक उंच करण्याची कल्पना त्या मानाने अगदी अलीकडची आहे, आणि तिची सुरुवात काही फार चांगली झाली नाही.

1900 च्या सुमारास व्हिएन्नाचे सर्जन रॉबर्ट गेर्झुनी यांनी पातळ केलेले पॅराफिन त्वचेखाली टोचून आकार भरून काढण्याची पद्धत रूढ केली. पद्धत सोपी होती. चिरफाड नाही, परिणाम लगेच. बसक्या नाकांवर ती धडाक्याने वापरली गेली. मग ते मेण जागचे हलू लागले, त्याच्याभोवती कठीण गाठी झाल्या, त्वचा लाल पडली, काहींच्या त्वचेला जखमा झाल्या. मेण ऊतींत पसरलेले असल्यामुळे ते पूर्ण काढताही येईना. पहिल्या महिन्यात सगळे खूश होते, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. काही वर्षे गेल्यावरच ही पद्धत किती वाईट आहे ते कळले.

आजचे पदार्थ पॅराफिनपेक्षा कितीतरी सुरक्षित आहेत, यात शंका नाही. पण प्रत्येकाची चाल वेगळी आहे, आणि ‘इम्प्लांट’ या एका शब्दाखाली ती झाकली जाते. सिलिकॉन गुळगुळीत असते, शरीर त्याला आपल्यात मिसळून घेत नाही. ते त्याच्याभोवती तंतुमय ऊतींची पातळ पिशवी विणते आणि इम्प्लांट त्या पिशवीत पडून राहते. याचा फायदा असा, की काढायचे झाले तर ते सहज निसटून येते. तोटा असा, की ते सरकू शकते, वाकडे होऊ शकते. पिशवी आकसली तर शेंडा वर ओढला जाऊन नाक आखूड होते. बरीच वर्षे गेल्यावर त्याच्या पृष्ठभागावर कॅल्शियम साचून खडबडीतपणा येऊ शकतो. गोर-टेक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पदार्थाला 10 ते 30 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांत थोड्या ऊती शिरतात, म्हणून तो कमी हलतो. पण जिवाणू तिथे सहज शिरतात आणि त्यांचा पाठलाग करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींना तेवढ्या सहज शिरता येत नाही. सच्छिद्र पॉलिइथिलीनची छिद्रे आणखी मोठी, 100 मायक्रॉनच्या पुढची. त्यात ऊती आणि रक्तवाहिन्या चांगल्या रुजतात, इम्प्लांट पक्के बसते. म्हणूनच ते काढताना आजूबाजूच्या ऊतींनाही इजा होते. थोडक्यात, जे सहज निघते ते सहज हलते, आणि जे हलत नाही ते सहज निघत नाही. या दोन्हींतले काय पत्करायचे हे रोग्याने ठरवायचे असते. निदान त्याला असे काही ठरवायचे आहे हे कळायला तरी हवे.

पदार्थाइतकेच महत्त्व जागेला आणि मापाला आहे. नाकाच्या दांड्यावर, हाडाच्या आधाराने बसलेले सरळ इम्प्लांट तुलनेने शांत राहते. इंग्रजी एल अक्षरासारखे, शेंड्यापर्यंत येऊन खाली वळणारे इम्प्लांट शेंड्याच्या त्वचेवर आतून सतत दाब देत राहते. शेंडा हलता असतो. हसताना, बोलताना, कुशीवर झोपताना तिथे घर्षण होते. दाबाने त्वचा हळूहळू पातळ होते, लालसर दिसू लागते, आणि कधी एके दिवशी इम्प्लांटचे टोक बाहेर डोकावते. म्हणून आज अनेक सर्जन दांड्यावर इम्प्लांट ठेवले तरी शेंड्यासाठी रोग्याची स्वतःची कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक असा भाग, वापरतात. त्वचा किती ताण सोसेल याला मर्यादा असते आणि ती माणसागणिक वेगळी असते. छायाचित्र दाखवून ‘एवढे उंच करा’ म्हणणाऱ्याला ‘एवढे होणार नाही’ असे सांगणारा सर्जन मला अधिक भरवशाचा वाटतो. नाकापेक्षा मोती जड झाला तर काय होते, हे त्याने बहुधा पाहिलेले असते.

मग स्वतःचीच कूर्चा का वापरू नये? वापरावी, शक्य तिथे. नाकाच्या मधल्या पडद्यातून, कानाच्या मागून किंवा बरगडीतून ती घेता येते. पण तीही बिनखर्चाची नाही. पडद्यातली कूर्चा थोडीच असते, आणि नाकाला आधार राहावा म्हणून तिचा बराच भाग जागेवर ठेवावाच लागतो. कानाची कूर्चा वळलेली असते, लांब सरळ दांड्यासाठी ती सोयीची नाही. बरगडीची भरपूर मिळते, पण छातीवर दुसरी जखम होते, काही दिवस खोकतानासुद्धा दुखते, फुप्फुसाच्या आवरणाला इजा होण्याचा थोडा धोका असतो, आणि कोरलेली बरगडी नंतर वाकू शकते. ती का वाकते आणि कशी कोरली तर कमी वाकेल, हे गिब्सन आणि डेव्हिस यांनी 1958 मध्ये दाखवून दिले. तरी तो प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. सिलिकॉन वापरणारे सर्जन याच गोष्टी पुढे करतात: आमची शस्त्रक्रिया छोटी, दुसरी जखम नाही, आकार आधीच ठरलेला, आणि बहुसंख्य लोकांना पुढे काहीच होत नाही. हे खोटे नाही. अनुभवी हातात, बेताच्या मापाचे, दांड्यापुरते इम्प्लांट अनेकांच्या नाकात वर्षानुवर्षे गुपचूप राहते.

मला खटकते ते त्यापुढचे. इम्प्लांटला जंतुसंसर्ग झाला तर नुसत्या प्रतिजैविकांवर भागेल याची खात्री नसते. जिवाणू त्याच्या पृष्ठभागावर चिकट थर करून राहतात आणि औषध तिथे नीट पोहोचत नाही. बहुधा इम्प्लांट काढावेच लागते. काढल्यावर आतली पोकळी आकसते, त्वचा व्रणाने आवळली जाते, आणि नाक शस्त्रक्रियेआधी होते त्याहून आखूड होऊ शकते. ते पुन्हा उभे करायला भक्कम कूर्चा लागते, म्हणजे पुष्कळदा बरगडीच. जी दुसरी जखम टाळायची म्हणून इम्प्लांट निवडले, तीच जखम आता व्रण असलेल्या, रक्तपुरवठा कमी झालेल्या, अधिक अवघड नाकासाठी सोसावी लागते. हे सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. पण ज्याच्या वाट्याला येऊ शकते त्याला ते पहिल्याच भेटीत कळायला हवे. आणि बावीस वर्षांच्या मुलीने इम्प्लांट बसवले तर तिच्यापुढे पन्नास-साठ वर्षे असतात. बहुतेक अभ्यासांतला पाठपुरावा मात्र काही वर्षांपुरताच असतो. ‘धोका थोडा आहे’ हे वाक्य कोणत्या मुदतीबद्दल आहे ते विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

बरे होण्याबद्दलही असाच अर्धा हिशेब मांडला जातो. ‘आठवड्याभरात कामावर’ हे वाक्य बऱ्याचदा खरे ठरते आणि तरीही दिशाभूल करते. आठवड्याभरात माणूस लोकांत वावरण्याजोगा होतो. नाक मात्र तेव्हा जेमतेम बरे होऊ लागलेले असते. पहिल्या रात्री वेदनेपेक्षा कोंडल्याचा त्रास जास्त. नाक बंद, तोंडाने श्वास, घसा कोरडा, डोके उशांवर उंच ठेवून अर्धवट झोप. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोळ्यांखालची सूज आणि काळेनिळेपण सर्वाधिक असते आणि नेमके तेव्हाच माणूस आरशात पाहतो. बाहेरचा साचा, म्हणजे स्प्लिंट, आणि बाहेरचे टाके साधारण पाच ते सात दिवसांनी निघतात. काळेनिळे डाग ओसरायला दहा दिवस ते दोन आठवडे लागतात.

या काळातले नियम ऐकायला क्षुल्लक वाटतात आणि पाळताना जीव मेटाकुटीला येतो. सर्जन सांगेपर्यंत नाक शिंकरायचे नाही. शिंक आली तर तोंड उघडे ठेवून शिंकायचे. पालथे झोपायचे नाही. चष्मा दांड्यावर टेकवायचा नाही, आणि ही मनाई चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त चालते. ज्याला चष्म्याशिवाय दिसत नाही त्याने याची सोय आधीच करायला हवी, आणि गंमत म्हणजे हीच गोष्ट बहुतेकांना स्प्लिंट निघाल्यावर आठवते. जड व्यायाम काही आठवडे बंद, धक्काबुक्कीचे खेळ त्याहून अधिक काळ बंद. इम्प्लांट असेल तर या मनायांना आणखी एक कारण असते. आतली पिशवी पक्की होईपर्यंत एखाद्या आपटण्याने ते जागचे हलू शकते. धूम्रपान शस्त्रक्रियेच्या निदान काही आठवडे आधीपासून आणि नंतरही बंद हवे, कारण निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळते आणि ताणलेल्या त्वचेला नेमका तोच रक्तपुरवठा हवा असतो. ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे आधी थांबवावी लागतात, पण ती हृदयासाठी दिलेली असतील तर देणाऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही.

यापुढचा काळ फारसा कुणाच्या बोलण्यात येत नाही. स्प्लिंट निघाल्यावर दिसणारे नाक रुंद, ताठ, शेंडा वर उचललेला, काहीसे परके असे असते. हसताना वरचा ओठ जड वाटतो. शेंडा बधिर असतो, काही आठवडे, काहींना काही महिने. सूज सकाळी जास्त, संध्याकाळी कमी, कधी एका बाजूला जास्त. बरीचशी सूज तीन महिन्यांत उतरते, पण शेंड्याची शेवटची सूज जायला वर्ष लागते, आणि जाड त्वचेच्या नाकाला त्याहूनही जास्त. म्हणूनच दुरुस्तीची शस्त्रक्रिया हवी असली तरी, जंतुसंसर्गासारखी निकड नसेल तर, सर्जन सहसा वर्षभर थांबायला सांगतात. या वर्षात माणूस एका अशा चेहऱ्याबरोबर राहतो जो त्याचा जुनाही नसतो आणि अजून नवाही झालेला नसतो. घरचे म्हणतात ‘छान दिसतंय’, मित्र म्हणतात ‘काही फरक कळत नाही’, आणि दोन्ही वाक्ये टोचतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पस्तावणारे पुष्कळ असतात. त्यांतल्या अनेकांचा पस्तावा सुजेबरोबर ओसरतो. हे आधी सांगितलेले असेल तर तो काळ निभावतो. सांगितलेले नसेल तर माणूस रात्री-बेरात्री आरशासमोर मोबाइलचा दिवा धरून बसतो.

मोबाइलवरून आठवले. हे नाक मुळात खुपायला लागले कुठून, तेही पाहावे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणिती मांडणीनुसार साधारण 30 सेंटिमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाकाची रुंदी जवळजवळ 30 टक्क्यांनी जास्त भासते. दीड मीटरवरून हा फुगवटा दिसत नाही. हा दोष भिंगाच्या अंतराचा आहे, नाकाचा नाही. शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्याने आधी कुणाकडून तरी लांबून, दोन्ही बाजूंनी आपले छायाचित्र काढून घ्यावे, एवढे तर फुकट करता येते. आणि ज्यांना स्वतःच्या रूपातला लहानसा किंवा कल्पित दोष दिवसाचे तासन्‌तास छळतो, त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया हा उपाय नाही. बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर ही मानसिक आजाराची एक ओळखलेली अवस्था आहे, नाकाची शस्त्रक्रिया मागणाऱ्यांत ती सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त आढळते, आणि अशा माणसाला उत्तम नाक मिळाले तरी समाधान सहसा मिळत नाही. तिथे नाही म्हणणे हे सर्जनचे काम आहे. नाही म्हटल्याने ज्याचे उत्पन्न बुडते त्याच्यावरच ते सोपवणे मला कधीच पुरेसे वाटलेले नाही.

म्हणून नियम हवेत. काही ठिकाणी ते आहेतही. फ्रान्समध्ये सौंदर्य-शस्त्रक्रियेसाठी खर्चाचा लेखी अंदाज हाती आल्यापासून पंधरा दिवस थांबावे लागते. ऑस्ट्रेलियात जुलै 2023 पासून कुटुंबवैद्याची चिठ्ठी, किमान दोन भेटी आणि संमतीनंतर सात दिवसांची मुदत बंधनकारक आहे. युरोपीय संघाच्या 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांत इम्प्लांट बसवलेल्या माणसाला त्याचे कार्ड द्यायला सांगितले आहे: कोणते इम्प्लांट, कुणी बनवलेले, कोणत्या क्रमांकाचे. या कार्डाची किंमत जगाने स्तनांच्या इम्प्लांटमधून शिकली. 2010 मध्ये फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीने वैद्यकीय दर्जाऐवजी औद्योगिक सिलिकॉन वापरल्याचे उघड झाले तेव्हा प्रश्न लाखो स्त्रियांचा होता, आणि कुणाच्या शरीरात नेमके काय आहे याची नोंद अनेक ठिकाणी धड नव्हती. नाकातले इम्प्लांट त्या मानाने चिमुकले, पण वीस वर्षांनी नाक लाल झाले आणि मूळ सर्जन निवृत्त झालेला असला, तर दुसऱ्या सर्जनला तोच प्रश्न पडतो. आत सिलिकॉन आहे की सच्छिद्र पॉलिइथिलीन, यावर त्याची पुढची सगळी आखणी अवलंबून असते.

या नियमांत मी दोन गोष्टी वाढवीन. जाहिरातीतले ‘नंतरचे’ छायाचित्र किमान एका वर्षानंतरचे असावे आणि त्यावर कालावधी लिहिलेला असावा. आणि संमतिपत्रात काढण्याची योजना वेगळ्या पानावर, साध्या भाषेत असावी: कोणत्या लक्षणांवर काढावे लागेल, काढल्यावर नाक कसे दिसण्याची शक्यता आहे, पुन्हा घडवायला कूर्चा कुठून घेतली जाईल, आणि तो खर्च कोणाचा. हे पान लिहिताना ज्या सर्जनचा हात अडखळतो, त्याने इम्प्लांट बसवू नये.

यावर पहिला आक्षेप स्वातंत्र्याचा येतो. सज्ञान माणसाचे नाक, त्याचा पैसा, त्याचा निर्णय, मध्ये तुम्ही कोण? आक्षेप रास्त आहे, पण इथे कुणीही मनाई करत नाही. पूर्ण माहिती असेल तरच निर्णय त्याचा स्वतःचा होतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नियम कडक केले की लोक नियम नसलेल्या ठिकाणी जातात, सुट्टीत परदेशी जाऊन आठवड्यात परत येतात, आणि गुंतागुंत झाली की इथल्या डॉक्टरच्या दारात उभे राहतात. असे घडते. त्यावर नियम सैल करणे हा उतारा नाही, कारण सैल नियमांच्या जागी नेमके हेच नुकसान घरातल्या घरात होते. परगावी शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याला मात्र एवढे ठामपणे सांगायला हवे, की स्प्लिंट निघाल्यावर विमानात बसणे म्हणजे उरलेले वर्ष कुणाच्याही देखरेखीशिवाय काढणे, आणि कार्ड हाती घेतल्याशिवाय निघणे तर त्याहून वाईट.

थांबण्याच्या मुदतीला एक अपवाद मी करीन. कर्करोगाने किंवा अपघाताने नाक गमावलेल्या माणसाला पंधरा दिवस विचार करायला लावणे हा क्रूरपणा होईल. त्याला मुदत नको. पण कार्ड, काढण्याच्या योजनेचे पान आणि वर्षभराचा पाठपुरावा त्यालाही हवाच, कारण आतला पदार्थ तो कोणत्या कारणाने बसवला गेला हे पाहून वागत नाही.